पावसाळ्यात काढून ठेवलेला गाडीचा मीटर परत बसवला की काच आतून धुकते, काटा अडकतो: नेमकं कुठं चुकत होतं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमची गाड्यांच्या बॉडी बांधणीची शेड आहे. स्कूल बस, अँब्युलन्स, वर्षाकाठी एखाददुसरी जुनी जीप पूर्ण खोलून नव्याने उभी करायची असं काम चालतं आणि मी तिथं वायरिंग आणि डॅशबोर्ड बघतो. चासी म्हणजे बॉडी नसलेला गाडीचा सांगाडा कंपनीतून येतो तेव्हा मीटर म्हणजे अख्खा क्लस्टर, वेग-डिझेल-तापमानाचे काटे आणि इशारा-दिवे असलेला डॅशबोर्डवरचा डबा, त्यावर बसवलेलाच असतो, कारण ड्रायव्हरला ती चालवत आणायची असते. मग आमच्याकडे वेल्डिंग, ग्राइंडिंग, पुट्टी, रंग हे सगळं दीड-दोन महिने चालणार म्हणून मीटर काढून स्टोअरमध्ये ठेवायचा आणि गाडी तयार झाली की परत बसवायचा, एवढं साधं काम. आणि ह्याच साध्या कामात आम्ही सलग दोन पावसाळे मार खाल्ला म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण मला माहितीय की हा त्रास फक्त आमच्या शेडचा नाही.

प्रॉब्लेम असा. जूनमध्ये काढलेला मीटर ऑगस्टमध्ये बसवला, इग्निशन ऑन केलं की दिवे लागतात, सगळं ठीक, आणि दहा मिनिटांत काच आतून धुकायला लागते. कधी कधी धुकं जातं आणि पांढुरके डाग मागे राहतात, कधी एखादा काटा शून्यावरून उठतच नाही, आणि एका गाडीत तर मागच्या कपलरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगच्या, पिनांवर हिरवं किटण चढलेलं. एका बॅचला सहा स्कूल बस होत्या त्यात चार मीटर असे निघाले. शाळा सुरू झालेली, मालक दारात उभा, आणि नवीन मीटर मागवायचा तर तो त्या गाडीच्या नंबरला प्रोग्राम करून घ्यावा लागतो, किलोमीटरचा हिशोब वेगळाच. एका पार्टीने तर गाडी ताब्यात घ्यायलाच नकार दिला आणि मला त्यांचा राग पण आला नाही, कारण नव्या गाडीचा मीटर धुकट कोण घेईल.

आता आम्ही काय काय करून बघितलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. पहिल्या वर्षी मीटर वर्तमानपत्रात गुंडाळून, मूळ पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये घालून, वरून जाड पॉलिथीनची पिशवी टेपने गच्च बंद करायचो. ओल आत जाऊच नये हा विचार. दुसऱ्या वर्षी त्यात बबल पॉलिथीन वाढवलं आणि बुटाच्या खोक्यातनं निघालेल्या सिलिका जेलच्या दोन-दोन पुड्या टाकल्या. फरक शून्य. मग कुणीतरी म्हणालं एसीत ठेवा, म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवले, तर आणखी वाईट, कारण बावीस डिग्रीचा गार मीटर जुलैच्या दमट शेडमध्ये आणून उघडला की माठाला पाणी सुटतं तसं सगळ्या मीटरला आतून-बाहेरून पाणी सुटलं. ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि तिथून मला पहिल्यांदा शंका यायला लागली की आपण पाणी बाहेरनं येतंय असं धरून बसलोय ते बरोबर आहे का.

उत्तर मिळालं घरी. आमचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर तोलाईला होते, आयुष्य हळदीत गेलं. एकदा जेवताना मी हे रडगाणं सांगत होतो की एवढी गच्च बंद करून पण आत ओल कशी होते, तर ते म्हणाले, "अरे बाळा, तू बंद काय करतोयस ते बघ की आधी. हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या त्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकायची ती काय पेव गच्च होतं म्हणून? हळद शिजवून, खडखडीत वाळवून भरायचे म्हणून. ओली भरली असती तर त्याच पेवात कुजली असती."

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधला एक रिकामा पुठ्ठ्याचा बॉक्स वजनकाट्यावर ठेवला, मग ऑफिसमध्ये हीटरसमोर दिवसभर वाळवला आणि परत वजन केलं. दोन-अडीचशे ग्रॅमच्या पुठ्ठ्यातनं पंधरा-वीस ग्रॅम पाणी गेलेलं! आता हिशोब बघा. तीस डिग्रीला, नव्वद टक्के दमट हवेत एका घनमीटरला साधारण सत्तावीस ग्रॅम वाफ असते. आपल्या पिशवीत हवा किती, पंधरा लिटर, म्हणजे त्यात अर्धा ग्रॅम पण पाणी नाही. तेवढ्यानं एवढं धुकं होणार नाही. पण सादळलेला पुठ्ठा आणि त्यावर चार घड्यांचा पेपर, त्यात पाण्याचा साठा भरून ठेवलेला, दिवसा पत्र्याखाली स्टोअर तापलं की तो वाफ सोडणार, रात्री गार झालं की ती वाफ सगळ्यात गार आणि गुळगुळीत जागेवर म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला बसणार, कारण मीटरच्या पाठीला श्वास घ्यायला बारीक भोकं असतातच, तो काही सीलबंद डबा नाही. दोन महिने रोज हेच. आणि आम्ही वरनं टेप मारून ते पाणी बाहेर जायची वाट पण बंद केलेली. बुटाच्या पुडीत जेल असतं दोन-पाच ग्रॅम, ते वजनाच्या जेमतेम पाव ते तिसरा भाग पाणी ओढतं, म्हणजे तिचं काम लवकरच संपलेलं असणार.

तर मूळ चूक ही होती. गुंडाळण्यात कमी पडत नव्हतो, ओलं गुंडाळत होतो.

आता करतो काय ते सांगतो. मीटर काढला की तो लगेच पिशवीत जात नाही. ऑफिसच्या मागे एक जुनं लोखंडी कपाट आहे, त्याच्या तळाला चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, जुन्या पद्धतीचा तारेचा, एलईडी चालत नाही कारण त्याला ऊब नाही. वर जाळीची फळी, त्यावर मीटर उभा, रात्रभर. आत तापमान चाळीसच्या आसपास राहतं. बाहेर अठ्ठावीस डिग्रीला अठ्ठ्याऐंशी टक्के दमटपणा असला तर तीच हवा चाळीस डिग्रीला नेली की दमटपणा पंचेचाळीसच्या आसपास उतरतो, पाणी काढून टाकावं लागत नाही, नुसती ऊब पुरते. पंचेचाळीस डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, दार किंचित किलकिलं ठेवा म्हणजे ओल बाहेर निघते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, हे कपाट रंगाच्या खोलीजवळ, थिनरच्या डब्यांजवळ कधीही ठेवायचं नाही, बल्ब आणि थिनरची वाफ एकत्र म्हणजे आग. शेडपासून वेगळ्या खोलीतच ठेवा.

सकाळी मीटर गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत, आणि ती रबरी गॅस्केट असलेल्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. पुठ्ठा नाही, पेपर नाही, थर्माकोल नाही. आधाराला पांढरा पॅकिंग फोम मिळतो तो, पण तो सुद्धा त्याच कपाटात वाळवून. सुती फडकं वापरायचं असेल तर ते पण वाळवूनच, कारण सूत पण पुठ्ठ्यासारखंच पाणी धरतं. सिलिका जेल एका डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम, सुटं आणून कापडी पुरचुंडीत बांधतो. नारिंगी रंगाचं घ्या, निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं ते विषारी, आणि हेल्पर पोरं उघड्या हातानं हाताळतात. रंग उडाला की ओव्हनमध्ये एकशे दहा-वीस डिग्रीला दोन-तीन तास ठेवलं की परत वापरता येतं, फक्त तो ओव्हन घरच्या स्वयंपाकाचा नको. आणि डब्यात एक छोटा डिजिटल दमटपणा दाखवणारा मीटर टाकून ठेवा, दोन-तीनशे रुपयांत येतो. चाळीसच्या आसपास आकडा दिसला की निश्चिंत. साठच्या वर गेला की डबा उघडायचा, जेल बदलायचं. ह्या एका वस्तूने आमची निम्मी भांडणं मिटली, कारण आता अंदाज नाही, आकडा आहे.

बाहेर काढताना घाई करायची नाही हे वेगळं सांगायला पाहिजे. डबा आदल्या रात्री शेडमध्ये आणून ठेवायचा, झाकण बंद. आतली वस्तू शेडच्या तापमानाला आली की मगच उघडायचं. एसीतनं आणून लगेच उघडण्याचा अनुभव वर सांगितलाच.

पण सगळंच ओलीवर ढकलून चालत नाही. धुकं गेल्यावर बाकीच्या तक्रारी उघड्या पडल्या, त्या आधी धुक्याखाली झाकल्या गेलेल्या. मोबाईलची टॉर्च काचेवर तिरकी मारून डाग नीट बघा, डाग स्वतः सांगतो कशाचा आहे ते.

डायलवर काट्याच्या मुळापासून खाली पसरलेला तेलकट, गडद डाग असेल तर तो पाण्याचा नाही. काही मीटरमध्ये काटा थरथरू नये म्हणून आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, आणि मीटर तोंड खाली करून किंवा उताणा-पालथा कसाही आठवडाभर पडला की ते झिरपून डायलवर येतं. आमचा हेल्पर काचेला चरा पडू नये म्हणून प्रेमाने मीटर मऊ फडक्यावर पालथा ठेवायचा! त्याची चूक नाही, आम्हीच सांगितलं नव्हतं. मीटर गाडीत ज्या स्थितीत असतो त्याच स्थितीत, उभा ठेवायचा. आता डब्यावर वरची बाजू मार्करने बाण काढून दाखवलेली असते.

काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर ते थिनर. हल्लीची मीटरची काच ही काच नसते, पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिक असतं, आणि रंगाचा एक थेंब उडाला म्हणून पोरं थिनरच्या फडक्याने पुसतात. पुसताना काही दिसत नाही, चिरा नंतर उमटतात. पेट्रोलने पण नाही, अमोनिया असलेल्या काच पुसायच्या स्प्रेनेही नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ मायक्रोफायबर, बास. गाडी रंगाच्या भट्टीत जायच्या आधी मीटर काढलेलाच पाहिजे, तिथं साठ-सत्तर डिग्री तापमान असतं, डिस्प्लेचे थर त्यात खराब होतात. तसंच एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिनच्या डॅशवर सुटा मीटर ठेवून जेवायला जाऊ नका, सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीय.

काचेवर तांबूस बारीक ठिपके, नखाने निघत नाहीत, ते ग्राइंडरचे. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो प्लास्टिकमध्ये काय काचेत पण रुतून बसतो आणि मग गंजतो. हाच लोखंडी भुगा मीटरच्या भोकांतनं आत गेला की लोहचुंबकाला जाऊन चिकटतो. म्हणून मीटर काढायचा तो पहिली ठिणगी उडायच्या आधी. "एवढं एकच ब्रॅकेट मारतो मग काढू" असं मिस्त्री म्हणतात, ऐकायचं नाही.

हिरव्या किटणाचं कोडं मला सगळ्यात उशिरा सुटलं. डब्यात आकडा चाळीस, मीटर कोरडा, तरी बसवून महिन्याभरात एका गाडीच्या कपलरच्या पिना हिरव्या. शेवटी नाकाने सापडलं. केबिनमध्ये शिरलो तर व्हिनेगरसारखा आंबूस वास. खिडक्यांना लावलेलं सिलिकॉन सीलंट! जे सीलंट सुकताना आंबट वास सोडतं त्यातनं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची वाफ निघते आणि बंद केबिनमध्ये ती तांब्याच्या पिनांना खाते. आता आम्ही न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना हे अ‍ॅसिड न सोडणारं, सीलंट वापरतो, थोडं महाग पडतं, आणि सीलंट पूर्ण सुकेपर्यंत मीटर बसवत नाही. चासीकडच्या हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, कपलरला पण तेवढीच काळजी लागते, सगळे मीटर जपतात आणि वायरीच्या टोकाला धूळ खायला सोडून देतात. त्याला छोटी झिप पिशवी घालून केबल टायने बांधा, तोंड खाली. पिनांवर थेट चिकटपट्टी नको, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून पिनांत जातो.

काही बिघाड दिसतच नाहीत. दिवे लागतात, काटे हलतात, पण डिस्प्लेच्या रेघा गायब किंवा एखादा इशारा-दिवा कायम जळतो. आमच्याकडे असे दोन मीटर निघाले ते फेब्रुवारीत, पाऊस नसताना, म्हणून आधी डोकंच चालेना. कोरड्या हवेत साधी पॉलिथीन आणि थर्माकोल घासून जी वीज तयार होते, स्वेटर काढताना चटचट होते तीच, ती पिनेला लागली तर आतली चिप जाऊ शकते. मीटर उचलण्याआधी चासीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, पिनांना बोट लावायचं नाही, अँटिस्टॅटिक पिशवी. दुसरं कारण वेल्डिंग. मीटर गाडीवरच असताना कुणी वेल्डिंग केलं असेल तर नुसती बॅटरीची निगेटिव्ह काढून भागत नाही, मीटरचा आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कपलर पण काढलेला पाहिजे, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, चासीच्या दुसऱ्या टोकाला नाही. नाहीतर करंट वाट शोधत कुठनं जाईल सांगता येत नाही.

काटा शून्यावर नाही म्हणून बोटाने फिरवून बघायची सवय पण मोडा. आत छोटी स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, आणि प्लास्टिकचे दातेरी गिअर असतात, काटा नुसता दाबून बसवलेला असतो, फिरवला की शून्य कायमचं हुकलं.

जुन्या जीपवाल्यांसाठी थोडं वेगळं. त्यांच्या स्पीडोमीटरमध्ये केबलने फिरणारं लोहचुंबक, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी स्प्रिंग, १९०२ साली ओटो शुल्झेने पेटंट घेतलं तीच रचना. ह्याला दोन शत्रू. एक म्हणजे वेल्डरची लोहचुंबकं आणि नट ठेवायच्या चुंबकी वाट्या, त्या ह्या मीटरपासून लांब ठेवा, आतल्या चुंबकाची ताकद बदलली की वेग चुकीचा दाखवणार. दुसरा म्हणजे ग्रीस. केबलला ग्रीस लावताना मीटरकडचं वरचं वीतभर टोक कोरडं सोडा, नाहीतर फिरत फिरत ग्रीस वर चढतं आणि वाटी चिकटते, मग काटा पाऊसपाण्याचा काही संबंध नसताना अडकतो. आणि तापमानाच्या मीटरला जी लांब बारीक तांब्याची नळी असते ती वायर समजून कापू नका, दुमडू नका. तिच्यात ईथरसारखं पटकन उडणारं द्रव सीलबंद असतं, चीर गेली की मीटर संपला. मोठ्या वेटोळ्यात, ताटाएवढ्या, सैल बांधून मीटरसोबतच ठेवायची. एका जीपची नळी आमच्याकडे बॉक्सच्या झाकणात चेमटली होती, तसा दुसरा नग शोधायला मला कोल्हापूर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात तीन चकरा माराव्या लागल्या.

काढायच्या आधी इग्निशन ऑन करून फोटो काढा, किलोमीटर दिसले पाहिजेत आणि सगळे इशारा-दिवे दिसले पाहिजेत, तारखेसह. डब्यावर चासी नंबरचे शेवटचे सहा आकडे. एकसारख्या सहा बस असल्या की सहा मीटर एकसारखे दिसतात, पण ह्याचा त्याला लावला की किलोमीटर चुकतात आणि काही गाड्यांत चोरीरोधक यंत्रणेचं जोडकाम मीटरमध्ये असतं, गाडी सुरूच होत नाही. डबे ठेवायचे ते वरच्या फळीवर, भिंतीला न टेकवता. खालच्या फळीवर किमती वस्तू ठेवू नये हे २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही, पण उंदरांचं सांगावं लागतं, फोम आणि वायरी दोन्ही त्यांना आवडतात, म्हणून डबा कडक प्लास्टिकचा आणि झाकण चारही बाजूंनी लॉक होणारा.

ज्यांचा मीटर आत्ताच धुकलाय त्यांनी घाबरून लगेच खोलू नका. काढा, बल्बच्या कपाटात दोन रात्री ठेवा. धुकं गेलं आणि काच स्वच्छ राहिली तर मीटर चांगला आहे, फक्त साठवणूक बदला. पांढरे डाग राहिले तर ते आतल्या धुळीचे आणि क्षाराचे, ते साफ करायला काच उघडावी लागते आणि ते काम मीटर दुरुस्तीवाल्याकडेच द्या, वॉरंटीतली गाडी असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिसला विचारा. हेअर ड्रायर किंवा हीट गन मारू नका, मी मारलेली आहे, काच एका बाजूने फुगली आणि तो नग गेला.

गेल्या पावसाळ्यात नऊ मीटर असे ठेवले, नऊच्या नऊ कोरडे निघाले. ह्या वर्षीच्या बॅचमधल्या दोन अँब्युलन्सचे डबे उद्या सकाळी उघडायचेत, बाहेर झड लागलीय, आकडा एकात अडतीस, दुसऱ्यात एक्केचाळीस. आत्ताच दोन्ही स्टोअरमधनं शेडमध्ये आणून ठेवले, झाकणं बंद आहेत.